ठोक्या गेला म्हणतात

ज्या वर्षी माझ्या मुलीने दुसरं लग्न केलं आणि ती नवऱ्याच्या गावी निघून गेली, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात लांब्या आमच्या शहरात गायला आला.

लांब्याला सगळं जग दुसऱ्याच नावाने ओळखतं. ते नाव पोस्टरवर असतं, रेडिओवर असतं. आमच्या घरात मात्र तो लांब्याच. पहिल्यांदा आला तेव्हा दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं होतं, आणि माझी आई आतून ओरडली होती, "अरे लांब्या, जरा वाकायला शीक!" तो वाकायला काही शिकला नाही, पण नाव चिकटलं.

त्याला घरी आणला होता माझ्या धाकट्या भावाने. भाऊ त्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. चौघं होते. पुढे लांब्या, गळ्यात गिटार घालून. दोन बाजूंना दोघं. आणि सगळ्यांच्या मागे, पार भिंतीला टेकून, माझा भाऊ. ठोका धरून ठेवणारा म्हणून त्याला ठोक्या म्हणायचे. पुढे मीही तेच म्हणायला लागले. त्याचं खरं नाव दवाखान्याच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं.

मी तेव्हा एका मोठ्या लाँड्रीत चादरी दाबायच्या मशीनवर होते. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरींचे ढीग यायचे. मागच्या बाजूला बॉयलरची खोली होती, तिथे ही पोरं सराव करायची. मशीनांच्या धडधडीत त्यांचा गोंगाट खपून जायचा, कोणी तक्रार करायचं नाही. मी सुट्टीत उकडलेली अंडी आणि पाव घेऊन जायचे. लांब्या स्वतःचं अंडं संपवून दुसऱ्याच्या अंड्याकडे असं बघायचा की समोरच्याच्या घशाखाली घास उतरू नये. शेवटी ठोक्या आपलं अर्धं त्याला द्यायचा. "गाणाऱ्याचं पोट भरलेलं असावं, ताई," असं वर मलाच सांगायचा.

मग एक दिवस लांब्याला मोठ्या शहरातून बोलावणं आलं. एकट्याला. तो गेला. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला निदान शेवट तरी असतो. इथे नुसतं "कळवतो" म्हणून गेला आणि कळवायचं राहून गेलं. बाकीचे दोघं आपापल्या कामाला लागले. ठोक्याने एका बेकरीची गाडी चालवायला घेतली आणि म्हातारा होईपर्यंत चालवली. लग्न केलं, बायको आजारपणात गेली, मूलबाळ नव्हतं. नदीपलीकडे एक भाड्याची खोली घेऊन राहत होता. पण त्याची बोटं कधी गप्प बसायची नाहीत. टेबल, पलंगाची कड, खिडकीची चौकट, जे हाताला लागेल ते वाजायचं. खाली मालकीणबाई राहायच्या, त्यांचं डोकं उठायचं. रोज कटकट. शेवटी मुलीच्या या दुसऱ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी मी त्याला म्हटलं, चल माझ्याकडे, माझं डोकं लाँड्रीत आधीच बधिर झालंय. तो एक पिशवी घेऊन आला. मालकीणबाईंना कुठे चाललोय तेसुद्धा सांगून आला नाही.

असे आम्ही दोघं. मुलगी गेल्यावर घरात बोलायला एकमेकांशिवाय कोणी उरलं नाही, आणि आम्ही दोघंही तसे कमीच बोलणारे.

पोस्टर पहिल्यांदा मी पाहिलं. बस डेपोच्या भिंतीवर. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिच्याकडूनच मी वाचायला शिकले, त्यामुळे अजून अक्षराला अक्षर जोडूनच पुढे सरकते. घरी येऊन ठोक्याला सांगितलं.

"लांब्या येतोय. नगर सभागृहात. खाली लिहिलंय, 'एकल मैफल'. एकल म्हणजे काय रे?"

तो भाजी चिरत होता. सुरी थांबली.

"एकटा गाणार. बरोबर कोणी नाही. तो आणि गिटार."

"मग बँड?"

"नाही."

सुरी पुन्हा चालवत म्हणाला, "मला बोलावेल तो."

"कुठे?"

"स्टेजवर. आपलं शहर आहे हे. इथून सुरुवात झाली. एका गाण्याला तरी बोलावेलच. त्याच गाण्याला."

"अरे, एकल म्हणतात ना त्याला? मग तुला बोलावलं तर दुकल होईल."

"तू थट्टा कर. मी सांगतो, बोलावेल."

ते गाणं मला ठाऊक होतं. बॉयलरच्या खोलीत हजार वेळा ऐकलेलं. त्यात तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ठोक्या हमखास चुकायचा. ठोका जिथे पडायचा त्याच्या किंचित आधी पडायचा, चालता चालता पायाला दगड लागावा तसा. आम्ही त्याला 'ठेच' म्हणायचो. खूप प्रयत्न केला, सुधारली नाही. मग लांब्यानेच त्या जागी गाणं जरासं अडवून पुढे न्यायला सुरुवात केली, आणि ऐकणाऱ्यांना वाटायला लागलं की ते मुद्दामच आहे. लोकांना ते गाणं त्या ठेचेमुळेच आवडायचं. ठोक्याला मात्र शेवटपर्यंत लाज वाटायची.

मी मुलीला फोनवर सगळं सांगितलं. तिने तिकडूनच दोन तिकिटं काढली. "मामाला म्हणावं, कोट घालून जा. स्टेजवर जायचंय तर नीट दिसायला हवं," असं म्हणाली आणि हसली. मी तसंच ठोक्याला सांगितलं, पण हसू वगळून.

त्यानंतर त्याने सराव सुरू केला. मुलीच्या खोलीत आता तो राहत होता. तिच्या पलंगावर दोन उशा ठेवायचा, एक पत्र्याची बादली पालथी घालायचा आणि दार लावून घ्यायचा. ड्रमच्या काड्या त्याने इतकी वर्षं छत्रीच्या कव्हरात जपून ठेवल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्याचा उजवा गुडघा सुजायचा, तरी पायाने जमिनीवर ठेका धरायचा. मी बाहेर बसून ऐकायचे. गाणं माझ्या डोक्यात चालायचं आणि त्याचे ठोके दाराआडून यायचे. तिसऱ्या कडव्याशी आलं की मी कान टवकारायचे. ठेच लागायचीच. मग आतून शिवी ऐकू यायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"असू दे की रे," एकदा मी दाराबाहेरून म्हटलं. "तीच तर मजा आहे त्या गाण्यात."

"मजा तुम्हाला. हसं माझं," तो आतून म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासूनच तो तयार होऊन बसला. माझ्या वारलेल्या नवऱ्याचा कोट त्याला खांद्यात घट्ट होत होता. काड्या बाहीत घातल्या, त्यामुळे उजवा हात कोपरात वाकेना. बसमध्ये तो उभाच राहिला, हात सरळ खाली सोडून, शिक्षा केलेल्या मुलासारखा.

सभागृहाच्या दारात रखवालदाराने अडवलं.

"आजोबा, हाताला काय झालंय?"

"काही नाही."

"मग वाकवून दाखवा."

ठोक्याने बाहीतून काड्या काढल्या. रखवालदाराने त्या उलटसुलट करून बघितल्या. "ऐकायला आलात की वाजवायला?"

"बोलावलं तर वाजवायला," ठोक्या म्हणाला, "नाही तर ऐकायला."

आमच्या मागे रांगेत कोणीतरी हसलं. रखवालदारही हसला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी अशी काही नजर टाकली की त्याने काड्या परत केल्या. "आजी, सांभाळा यांना," म्हणाला.

आमचं शहर ना धड मोठं, ना धड लहान. मोठे गायक हमरस्त्यावरून पुढे निघून जातात. त्यामुळे त्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं होतं. तरुण होते, आणि आमच्या वयाचेही होते, तरुणपणचे काळे शर्ट पोटावर ताणून घालून आलेले. सगळे जोडीजोडीने, टोळीटोळीने. आमच्या जागा बाजूच्या गॅलरीत, खांबाला लागून. ठोक्याने आधी खाली उतरायचा जिना कुठे आहे ते पाहून घेतलं. मग त्याने मला आतल्या बाजूला बसवलं आणि स्वतः कडेची जागा घेतली, उठायला सोपं पडावं म्हणून. त्याच्या मागे एक बाई एकटीच बसली होती. दवाखान्यातून परस्पर आली असावी, अंगावर परिचारिकेचा पांढरा कोट तसाच होता.

दिवे गेले. लांब्या आला. स्टेजवर एक खुर्ची, एक गिटार आणि पायाशी एक लाकडी खोकं. बाकी सगळं रिकामं. केवढं मोठं स्टेज आणि त्यात एवढासा माणूस! लांब्या म्हणायचं ते त्याला, पण वरून तो मला आखूडच दिसला. केस पांढरे झाले होते. मान खाली घालून गायचा. आवाज मात्र तोच, जरा खरवडल्यासारखा. तो पायाने खोक्यावर ठेका द्यायचा. पहिल्याच गाण्याला ठोक्या माझ्या कानाशी आला.

"पाय मागे पडतोय त्याचा."

"गप बस."

"खरंच सांगतो. एकट्याला दोन्ही जमत नाही."

एकेक गाणं होत गेलं. प्रत्येक गाण्यानंतर ठोक्या पुढे सरकून बसायचा, आणि लांब्या दुसरंच गाणं धरायचा. मग एकदा तो थांबला. त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली, पाणी प्यायला आणि बोलायला लागला.

"याच शहरात मी गायला शिकलो. एका लाँड्रीच्या बॉयलरखोलीत."

टाळ्या पडल्या. ठोक्याने काड्या बाहीतून काढून हातात घेतल्या. त्याला बोलावतील आणि हा घट्ट कोट घालून जिना उतरेल, गुडघा दुखत असेल, लोक बघतील, असं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"आम्ही चौघं होतो," लांब्या म्हणाला. "माझ्या मागे एक जण बसायचा. ठोक्या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. आमच्यात उलटं होतं. ठेच मागच्याला लागायची आणि शहाणा मी, पुढचा, ठरायचो."

सगळे हसले. मीही हसले. ठोक्या हसला नाही. तो अर्धवट उठला होता, एक हात कठड्यावर ठेवून.

"मी सगळीकडे गायलो. त्याच्यापेक्षा चांगले वाजवणारे भेटले. पण ज्याच्यावर पाठ टेकून गाता येईल असा कोणी भेटला नाही. दोन वर्षांपूर्वी मनाने घेतलं, त्याला शोधायचं. कोणाकोणाला विचारून तो राहायचा त्या घराचा फोन नंबर मिळवला. मालकीणबाईंनी उचलला. मी त्याचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या," इथे लांब्या जरा थांबला, "त्या म्हणाल्या, 'तो गेला. खोली रिकामी झाली.' एवढंच. मला पुढे काही विचारवलं नाही. मी फोन ठेवला."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. मालकीणबाई खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. तो गेला होताच, पिशवी घेऊन, माझ्याकडे.

"तेव्हापासून मी कोणाबरोबर वाजवत नाही," लांब्या म्हणाला. "लोक विचारतात, एकल का? म्हणून एकल. हे गाणं त्याचं आहे."

खाली पहिल्या रांगेत कोणीतरी उभं राहिलं. मग दुसरं. मग सगळं सभागृह उठलं, खुर्च्यांचा खडखडाट झाला आणि थांबला. हजारभर माणसं माना खाली घालून उभी.

माझा भाऊ अर्धवट उठला होता तो नीट सरळ उभा राहिला. काड्या दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून, स्वतःसाठी. मग मीही उठले. बसून राहणं बरं दिसलं नसतं.

मागच्या परिचारिकाबाईंनी डोळे पुसले. त्यांनी काड्या बघितल्या आणि पुढे वाकून हळूच विचारलं, "तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

"थोडंफार," ठोक्या म्हणाला.

"कसे होते?"

त्याने विचार केला. "चुकायचा," म्हणाला.

लांब्या गायला लागला. लोक बसले. मी ठोक्याचा कोट ओढला. "अरे, हाक मार. उठ. सांग त्याला."

"गप, ताई."

"अरे तो तुझ्यासाठी रडतोय तिथे! आणि तू इथे जिवंत..."

"ताई. ऐकू दे."

तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी लांब्या थांबला. पायसुद्धा थांबवला. ठेचेची जागा त्याने पूर्ण रिकामी सोडली. लोकांना वाटलं, त्याचा गळा दाटला. माझ्या भावाचा हात वर गेला होता. समोर लाकडी कठडा होता. मारला असता तर त्या शांततेत अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं असतं, आणि लांब्याला तर नक्कीच. तो ठोका त्याने कुठेही ओळखला असता. हात तसाच वर राहिला. लांब्याने पुढची ओळ उचलली. मग ठोक्याने हात खाली आणला, काड्या बाहीत सरकवल्या आणि मागे टेकून बसला.

कार्यक्रम संपल्यावर गर्दी उतरू दिली. मग जिन्याच्या वळणावर मी त्याला धरलं.

"मागच्या दाराने जाऊ. मी बोलते. मला ओळखेल तो, माझी इतकी अंडी खाल्लीत त्याने."

"आणि काय सांगशील?"

"की तू आहेस म्हणून!"

"मग?"

"मग काय मग? मिठी मारेल. रडेल. बरोबर घेऊन जाईल तुला."

"घेऊन नाही जाणार," ठोक्या म्हणाला. तो रागावलेला नव्हता. जिन्याच्या कठड्याला टेकून गुडघा चोळत होता. "मिठी मारेल, हे खरं. एक संध्याकाळ फार आनंद होईल त्याला. सकाळी उठेल तेव्हा त्याच्या लक्षात येईल की पुढच्या शहरात आता काय सांगायचं. ताई, मी इतकी वर्षं इथेच होतो. बेकरीच्या गाडीवर होतो. तेव्हा कधी नाव घेतलं का त्याने? एकदा तरी? रेडिओवर मी त्याच्या मुलाखती ऐकायचो, गाडी बाजूला लावून. लाँड्री यायची, बॉयलर यायचा. मी नाही यायचो. आता गावोगाव नाव घेतोय. लोक उभे राहतात. मी आत गेलो की ते संपलं."

"म्हणजे तू मेलेलाच राहणार?"

"त्याच्यापुरता."

"आणि त्याचं काय? तो बिचारा एकटा वाजवत फिरतोय, तुला मेलेला समजून."

त्याने वळून खाली बघितलं. खाली झाडूवाली खुर्च्यांमधून कागद गोळा करत होती.

"तो एकटा असतो ते स्टेजवर," तो म्हणाला. "चल. बस जाईल."

मागच्या दाराशी एक गाडी उभी होती, आणि तिच्याभोवती पोरांची गर्दी. बसथांब्यावरून ती दिसत होती. लांब्या बाहेर आला तेव्हा गर्दीच्या डोक्यांवरून त्याचं डोकं मला दिसलं. मी हात वर केला. मला काय वाटलं कोण जाणे. त्याने आमच्या दिशेने बघितलंही. पण थांब्यावर हात वर केलेली म्हातारी म्हणजे बस थांबवणारी म्हातारी. बस आली, आणि थांबलीसुद्धा.

मुलीने फोन केला. "मामाला बोलावलं का गं स्टेजवर?"

"नाव घेतलं त्याचं," मी म्हटलं. "सगळे उभे राहिले."

"अय्या! मग?"

"मग काही नाही. तोही उभा राहिला."

ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय.

त्यानंतर ठोक्याचा सराव बंद झाला. बादली मोरीत परत गेली. मला सुरुवातीला शांततेने बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. कधीकधी मी मुद्दाम टेबलावर त्याच्यासमोर ताट उपडं ठेवायचे, तो ते सुलटं करून ठेवायचा. आम्ही जेवायचो. तो म्हणायचा, मीठ कमी आहे. मी म्हणायचे, घे की मग. दिवसाचं एवढंच बोलणं व्हायचं. रेडिओवर लांब्याची मुलाखत लागली की मात्र तो आवाज मोठा करायचा. लांब्या प्रत्येक वेळी त्याच्याबद्दल थोडं अधिक सांगायचा. ठोक्या डावखुरा होता. ठोक्या पावसात ड्रम डोक्यावर घेऊन नदी ओलांडून आला होता. ठोक्याला कधी दारूचा थेंब चालायचा नाही.

"डावखुरा कधी होतास तू?" मी विचारलं.

"नव्हतो."

"आणि ती नदी?"

"पूल आहे की," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण चांगलं सांगतो तो. ऐकावंसं वाटतं."

एकदा बेकरीतला त्याचा जुना सोबती वाटेत भेटला, तर त्याने ओळख दाखवली नाही. मी विचारलं तर म्हणाला, उगाच इकडची गोष्ट तिकडे जाते. हळूहळू त्याने बाहेर जाणंच कमी केलं. फोन वाजला तरी उचलायचा नाही. खिडकीशी बसायचा, हात मांडीवर ठेवून, बोटं न हलवता.

पुढे तो खरंच गेला, तेव्हा लांब्याला कळवावं असं एकदा माझ्या मनात आलं. मुलगी म्हणाली, नंबर शोधून देते. पण काय कळवणार? मी शोधू नको म्हटलं.

माझा भाऊ त्या मैफलीनंतरच्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, एका मंगळवारी सकाळी, माझ्या घरी, मुलीच्या खोलीत वारला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्याच्याजवळ मी एकटीच होते.